कोणाचा कोण, कोणावर गेला: घरच्यांविषयी इंग्रजीत बोलताना

इंग्रजी शिकणारा मराठी माणूस घराविषयीचा धडा पहिल्या आठवड्यातच उरकून टाकतो. फादर, मदर, ब्रदर, सिस्टर, अंकल, आँटी, झालं. खरी अडचण पुढे येते. व्हिसाचा फॉर्म भरताना, परदेशातल्या डॉक्टरांपुढे बसल्यावर, आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत किंवा परदेशी सुनेच्या आईवडिलांशी पहिल्यांदा बोलताना हे सहा शब्द पुरत नाहीत. मग ‘कझिन ब्रदर’ येतो, ‘को-सिस्टर’ येते आणि समोरचा गोंधळतो.

याचं कारण सोपं आहे. मराठीत नात्याचा शब्दच बहुतेक सगळं सांगून टाकतो. ‘मामा’ म्हटलं की माणूस आईकडचा आहे, पुरुष आहे आणि आईचा भाऊ आहे, हे एका दमात कळतं. इंग्रजी शब्दात एवढं मावत नाही, ते वाक्यातून सांगावं लागतं. म्हणून घरच्यांविषयी इंग्रजीत बोलायचं असेल तर प्रत्येक मराठी नात्याला जोडशब्द शोधत बसू नका. तीन गोष्टी सांगायची सवय लावा: नातं कुणाकडून आहे, रक्ताचं आहे की लग्नाचं, आणि मध्ये किती पिढ्या आहेत. रंगरूप, स्वभाव आणि आजार यांच्या वारशाविषयी बोलतानाही हेच तीन प्रश्न कामाला येतात.

नातं कुणाकडून?

काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान हे सगळे इंग्रजीत ‘अंकल’. काकू, मामी, आत्या, मावशी या सगळ्या ‘आँट’. ‘मटर्नल अंकल’ हा शब्दप्रयोग चुकीचा नाही, पण तो कागदावरचा. बोलताना ‘माय मदर्स ब्रदर’ किंवा ‘माय अंकल, ऑन माय मदर्स साइड’ म्हणावं. वडिलांकडचा असेल तर ‘ऑन माय फादर्स साइड’. हा एक तुकडा पाठ केला की निम्मं काम होतं.

इथे मराठी माणसाची एक सोय आहे. ‘माझ्या मामाची मुलगी’ या रचनेत शब्द ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने इंग्रजीत येतात: ‘माय अंकल्स डॉटर’. ‘द डॉटर ऑफ माय मटर्नल अंकल’ अशी उलटी, पुस्तकी रचना करायची गरज नाही. मात्र हा ‘-चा-ची’चा साखळदंड दोन कड्यांपुढे नेऊ नका. ‘माझ्या आत्याच्या धाकट्या दिराचा मुलगा’ हे आपल्याला एका श्वासात कळतं. इंग्रजी ऐकणारा दुसऱ्या वळणावरच हरवतो. त्याला ‘ही इज रिलेटेड टू माय आँट बाय मॅरेज’ एवढं पुरतं. त्याहून लांबचा असेल तर ‘अ डिस्टंट रिलेटिव्ह’ म्हणून मोकळं व्हावं.

हाक मारायचा शब्द आणि नात्याचा शब्द यांत घोटाळा होऊ देऊ नका. आपल्याकडे सासूबाईंना ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणायची रीत होती, अजूनही काही घरांत आहे. आते-मामे भावंडांत लग्नं होत, त्या प्रथेच्या या खुणा. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात देशाच्या वेगवेगळ्या भागांतल्या अशा नातेशब्दांची बारकाईने मांडणी केली आहे. इंग्रजीत बोलताना घरातली हाक भाषांतरित करू नका, प्रत्यक्ष नातं सांगा. शेजारच्या काकूंना ‘माय आँटी’ म्हटलंत तर ऐकणारा त्यांना तुमच्या आईची किंवा वडिलांची बहीण समजेल. त्या ‘अवर नेबर’ किंवा ‘अ फॅमिली फ्रेंड’. आणि परदेशात अनोळखी वयस्क बाईंना ‘आँटी’ म्हणण्यापेक्षा नाव विचारून त्या नावाने बोलणं बरं. तिकडच्या बहुतेक घरांत सासूसासऱ्यांनाही नावाने हाक मारतात. त्यात अनादर नसतो.

कझिनचा हिशेब

चुलत, आते, मामे, मावस ही चारही भावंडं इंग्रजीत ‘कझिन’. या शब्दाला लिंग नाही. म्हणून ‘कझिन ब्रदर’ आणि ‘कझिन सिस्टर’ हे भारताबाहेर खटकतं. मुलगा की मुलगी ते पुढच्या वाक्यातल्या ‘ही’ किंवा ‘शी’वरून आपोआप कळतं. सांगायचंच असेल तर ‘माय कझिन रोहन’ म्हणावं.

‘फर्स्ट कझिन’ आणि ‘सेकंड कझिन’ यांचा नियम असा. दोघांचे आजोबा-आजी एकच असतील तर फर्स्ट कझिन. पणजोबा-पणजी एकच असतील तर सेकंड कझिन. पिढी एक नसेल तर ‘वन्स रिमूव्हड’ लागतं: तुमच्या आईची चुलतबहीण ही तुमची ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्हड’, आणि तिची मुलं तुमची सेकंड कझिन. बोलताना इतकं अवघड करायचं कारण नाही. ‘माय मदर्स कझिन’ म्हटलं की झालं.

बोलताना ‘ब्रदर’ आणि ‘कझिन’ची गल्लत झाली तर फार बिघडत नाही, फॉर्मवर मात्र बिघडतं. अमेरिकेच्या पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसासाठी भरावा लागणारा डीएस-१६० हा फॉर्म घ्या. त्यात आईवडील सोडून तुमचे ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ अमेरिकेत आहेत का, असा प्रश्न असतो. त्या जागी जोडीदार किंवा वाग्दत्त जोडीदार, मुलं आणि भावंडं एवढेच धरले जातात. इतर नातेवाइकांसाठी वेगळा प्रश्न आहे. न्यू जर्सीतल्या मामेभावाला तुम्ही लहानपणापासून दादा म्हणत असाल, त्याच्याच घरी उतरणार असाल, तरी या फॉर्मपुरता तो ‘ब्रदर’ नाही. फॉर्मवर ‘ब्रदर’ लिहिलं आणि मुलाखतीत वडिलांचं आडनाव वेगळं निघालं, तर अधिकाऱ्याला ती विसंगती वाटेल, आणि ती निस्तरायला तुमच्याकडे मोजकी मिनिटं असतील. कायमच्या स्थलांतरातही हा फरक मोठा आहे. अमेरिकी नागरिकाला भावाबहिणीसाठी अर्ज करता येतो. चुलत-मामे भावंडांसाठी असा प्रकारच नाही. तेव्हा प्रेम घरात आणि काटेकोरपणा कागदावर, एवढं पाळा.

लग्नाची नाती

दीर, मेहुणा, बहिणीचे यजमान हे सगळे ‘ब्रदर-इन-लॉ’. नणंद, मेहुणी, वहिनी या सगळ्या ‘सिस्टर-इन-लॉ’. साडू आणि जाऊ यांच्यासाठीही रोजच्या बोलण्यात हेच शब्द चालतात. ‘को-ब्रदर’ आणि ‘को-सिस्टर’ हे भारतीय इंग्रजीतले शब्द, बाहेर कुणाला कळत नाहीत. नेमकं सांगायची वेळ आली तर पुन्हा वाट सांगा: जाऊ म्हणजे ‘माय हजबंड्स ब्रदर्स वाइफ’, साडू म्हणजे ‘माय वाइफ्स सिस्टर्स हजबंड’.

व्याही आणि विहीण यांना इंग्रजीत रूढ शब्दच नाही. मुलीच्या सासूसासऱ्यांना ‘माय डॉटर्स इन-लॉज’ म्हणतात. तिचं सासरही तेच: ‘शी लिव्ह्ज विथ हर इन-लॉज’. माहेरासाठी ‘हर पेरेंट्स होम’ किंवा ‘हर पेरेंट्स प्लेस’. अनेकवचन करताना ‘ब्रदर-इन-लॉज’ नव्हे, ‘ब्रदर्स-इन-लॉ’. आणि चुलतबहिणीचे यजमान ‘ब्रदर-इन-लॉ’ होत नाहीत. ते ‘माय कझिन्स हजबंड’.

‘सावत्र’ या आपल्या शब्दाखाली इंग्रजीतली दोन वेगळी नाती येतात, आणि ही गल्लत सर्रास होते. वडिलांना दुसऱ्या लग्नातून झालेला मुलगा तुमचा ‘हाफ-ब्रदर’: एक पालक सामाईक, म्हणजे रक्ताचं नातं. पण सावत्र आई आपल्या पहिल्या लग्नातला मुलगा बरोबर घेऊन आली असेल, तर तो ‘स्टेपब्रदर’. त्याचं तुमचं रक्ताचं नातं नाही. दत्तक घेतलेल्याला ‘अडॉप्टेड’. जन्म देणाऱ्या आईचा वेगळा उल्लेख करायचा झाला तर ‘बायोलॉजिकल मदर’ किंवा ‘बर्थ मदर’. ‘रिअल मदर’ म्हणू नका, वाढवणाऱ्या आईला ते लागतं. ‘सख्खा भाऊ’ सांगायला ‘माय ओन ब्रदर’, ‘माय रिअल ब्रदर’ लागत नाही. इंग्रजीत नुसता ‘ब्रदर’ म्हटला की तो सख्खाच.

मराठी वळणाच्या चुका

‘आम्ही तिघे भाऊ’ हे मराठीत स्वच्छ आहे: बोलणारा धरून तीन. इंग्रजीत ‘वी आर थ्री ब्रदर्स’ म्हणण्यापेक्षा ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणतात, स्वतःला वगळून. ‘आय हॅव थ्री ब्रदर्स’ म्हणालात तर घरात चार मुलगे झाले. मोजणी बदलते, म्हणून ही चूक आधी सुधारा.

‘माय फादर इज हॅविंग टू सिस्टर्स’ नव्हे, ‘हॅज’. असणं आणि नातं सांगताना ‘-इंग’ लावत नाहीत. ‘शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर’ नव्हे, ‘मॅरीड टू’. ‘एल्डर ब्रदर’ बरोबर, पण ‘एल्डर दॅन मी’ चूक, तिथे ‘ओल्डर’. थोरला ‘एल्डेस्ट’, मधला ‘मिडल’, धाकटा ‘यंगेस्ट’. शेंडेफळाला ‘द बेबी ऑफ द फॅमिली’ म्हणतात, मग तो चाळिशीचा का असेना. एकुलत्या एकाला ‘ओन्ली चाइल्ड’. ‘सिंगल चाइल्ड’ आपण म्हणतो खरं, पण ‘आय अ‍ॅम अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ हेच रूढ आहे. आणि आजोबा ‘एक्स्पायर’ होत नाहीत, एक्स्पायर होतात पासपोर्ट आणि औषधं. माणसासाठी ‘ही डाइड’ किंवा हळुवारपणे ‘ही पास्ट अवे’. फॉर्मवर ‘डिसीस्ड’.

दिसतो कसा, आहे कसा

तीन प्रश्न सारखे वाटतात, पण उत्तरं वेगळी. ‘हाउ इज युअर सिस्टर?’ म्हणजे बरी आहे ना. ‘व्हॉट डझ शी लुक लाइक?’ म्हणजे दिसायला कशी. ‘व्हॉट इज शी लाइक?’ म्हणजे स्वभावाने कशी. तिसऱ्या प्रश्नाला उंची सांगणारे पुष्कळ आहेत. आयईएलटीएसच्या तोंडी परीक्षेत तर हे महागात पडतं. ही परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. तिच्या दुसऱ्या भागात एक मिनिट तयारीला देऊन एका विषयावर एक-दोन मिनिटं सलग बोलायला लावतात आणि घरातल्या किंवा ओळखीच्या माणसाचं वर्णन करायला अनेकदा सांगतात. प्रश्न नीट न ऐकता बोलायला लागलं की सगळी मिनिटं भलत्याच विषयात जातात.

वर्णनाचे काही शब्द जपून वापरा. ‘काळे डोळे’ सांगायला ‘ब्लॅक आइज’ म्हणू नका. ‘ब्लॅक आय’ म्हणजे मार बसून काळानिळा पडलेला डोळा. आपल्या काळ्या डोळ्यांना ‘डार्क ब्राउन’ म्हणतात. घाऱ्या डोळ्यांना छटा पाहून ‘हेझल’, ‘ग्रे’, ‘ग्रीन’ किंवा सरळ ‘लाइट-कलर्ड आइज’. ब्रिटिश माणूस कुणाला ‘डार्क’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा केसांविषयी बोलत असतो. रंग उजळ की सावळा याचा उल्लेख आपण सहज करतो, तिकडे तो अनाठायी वाटतो. विचारल्याशिवाय करू नका. आपल्याकडे लठ्ठ म्हणायचं टाळायला ‘हेल्दी’ म्हणतात. तिकडे त्याचा अर्थ फक्त निरोगी. आणि लग्नाच्या जाहिरातींतलं ‘होमली’ अमेरिकन माणसाच्या कानाला ‘दिसायला यथातथा’ असं ऐकू येतं. घरात रमणारी म्हणायचं असेल तर ‘शी लव्ह्ज बीइंग अ‍ॅट होम’ म्हणा.

खळी ‘डिंपल’, जन्मखूण ‘बर्थमार्क’, तीळ ‘मोल’, डावखुरा ‘लेफ्ट-हँडेड’, कुरळे केस ‘कर्ली’, टक्कल पडू लागलेला ‘गोइंग बॉल्ड’. अकाली पिकणाऱ्या केसांना ‘ही वेंट ग्रे अर्ली’.

कोणावर गेला?

आता वारशाकडे वळू. ‘मुलगा वडिलांवर गेलाय’ याला इंग्रजीत ‘ही टेक्स आफ्टर हिज फादर’. यात रूप आणि स्वभाव दोन्ही येतात. हा प्रयोग वरच्या पिढीच्या रक्ताच्या नातेवाइकासाठीच करतात. नवऱ्यावर, मैत्रिणीवर किंवा धाकट्या भावावर कुणी ‘टेक आफ्टर’ करत नाही. नुसतं दिसण्यातलं साम्य सांगायचं तर ‘शी लुक्स लाइक हर आँट’. ‘रिझेंबल’ही चालतं, पण त्यापुढे ‘टू’ किंवा ‘विथ’ लावायचं नाही: ‘शी रिझेंबल्स हर आँट’.

एखादा अवयव उचललेला असेल तर इंग्रजी अगदी सरळ बोलतं: ‘शी हॅज हर मदर्स आइज’, ‘ही हॅज हिज ग्रँडफादर्स नोज’. गुण कुठून आला ते सांगायला ‘शी गेट्स हर पेशन्स फ्रॉम हर मदर’. घराण्यातच असलेल्या गोष्टीला ‘इट रन्स इन द फॅमिली’. उंची, टक्कल, गाता गळा, मधुमेह, सगळ्याला हे चालतं. मध्ये एक पिढी रिकामी गेली तर ‘इट स्किप्ड अ जनरेशन’.

शिकून घेतलेल्या सवयीला मात्र ‘इनहेरिट’ म्हणत नाहीत. मावशीकडे राहून पहाटे उठायची सवय लागली तर ‘आय पिक्ट अप द हॅबिट फ्रॉम माय आँट’. पुरणपोळीची पद्धत किंवा आजीची पैठणी पिढ्यान्‌पिढ्या आली तर ‘हँडेड डाउन’. मोठ्या भावाचे आखूड झालेले शर्ट धाकट्याला मिळतात, त्यांना ‘हँड-मी-डाउन्स’. ‘इनहेरिट’ घर-जमिनीलाही चालतं आणि नाकालाही: ‘ही इनहेरिटेड द हाउस फ्रॉम हिज अंकल’.

‘खाण तशी माती’ किंवा ‘वळणाचं पाणी वळणावर’ यांचं शब्दशः भाषांतर करू नका. ‘लाइक मदर, लाइक डॉटर’ म्हटलं की पुरतं. ‘द अ‍ॅपल डझन्ट फॉल फार फ्रॉम द ट्री’ हेही आहे, पण त्यात बऱ्याचदा टोमणा असतो. होणाऱ्या व्याह्यांसमोर ते टाळलेलं बरं.

डॉक्टर विचारतात तेव्हा

घराविषयीच्या इंग्रजीची खरी कसोटी दवाखान्यात लागते. परदेशात पहिल्या भेटीतच ‘फॅमिली हिस्टरी’ विचारतात. आपल्याकडचा माणूस ‘माय ब्रदर हॅड अ‍ॅटॅक’ म्हणतो आणि तो चुलतभाऊ असतो. असा संवाद कसा असावा, पाहा:

‘एनी हार्ट डिसीज इन द फॅमिली?’
‘येस. माय फादर हॅड अ हार्ट अ‍ॅटॅक अ‍ॅट फिफ्टी-टू. अँड अ कझिन, माय फादर्स ब्रदर्स सन, हॅड वन अ‍ॅट फॉर्टी-फाइव्ह.’
‘इज युअर फादर स्टिल अलाइव्ह?’
‘नो, ही डाइड अ‍ॅट सेव्हन्टी, ऑफ अ स्ट्रोक.’
‘अँड ऑन युअर मदर्स साइड?’
‘डायबिटीज. माय मदर अँड वन ऑफ हर सिस्टर्स.’

तीनच उत्तरं, पण त्यांत नातं, बाजू आणि वय तिन्ही आली. डॉक्टर हे का विचारतात तेही समजून घ्या. त्यांच्या हिशेबात आईवडील, भावंडं आणि मुलं हे ‘फर्स्ट-डिग्री रिलेटिव्ह’, म्हणजे निम्मी जनुकं सामाईक. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, भाचे-पुतणे, नातवंडं आणि हाफ-ब्रदर हे ‘सेकंड-डिग्री’: पाव हिस्सा. फर्स्ट कझिन ‘थर्ड-डिग्री’: सरासरी साडेबारा टक्के. लग्नाने आलेली काकू किंवा मामी यात येतच नाही. वयही महत्त्वाचं. वडिलांना किंवा भावाला ५५च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर तुमचा धोका वाढलेला धरतात. चुलतभावाला ‘ब्रदर’ म्हटलंत तर हा हिशेबच चुकतो.

दवाखान्यात ‘बीपी’ आणि ‘शुगर’ही सोडा. ‘हाय ब्लड प्रेशर’ आणि ‘डायबिटीज’ म्हणा. धोका सांगताना ‘आय विल गेट डायबिटीज’ नव्हे, ‘आय अ‍ॅम अ‍ॅट हायर रिस्क’.

तीन शब्द वेगळे ओळखा. ‘कंजेनिटल’ म्हणजे जन्मतः असलेलं. ते वंशातून आलेलं असेलच असं नाही. ‘हेरेडिटरी’ म्हणजे पिढ्यांतून आलेलं. ते पुढे वय वाढल्यावरही दिसू शकतं. ‘जेनेटिक’ म्हणजे जनुकांशी किंवा गुणसूत्रांशी संबंधित, पण आईवडिलांकडूनच आलेलं असं नव्हे. डाउन सिंड्रोम जेनेटिक आहे, तरी बहुतेक वेळा तो वारशाने येत नाही.

सिकल सेल हा रक्ताचा आजार जिथे आढळतो, त्या विदर्भ किंवा नंदुरबारकडच्या वाचकांनी आणखी एक भेद लक्षात ठेवावा. ‘सिकल सेल ट्रेट’ म्हणजे तुम्ही फक्त वाहक, ‘कॅरिअर’. ‘सिकल सेल डिसीज’ म्हणजे प्रत्यक्ष आजार. पतिपत्नी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘पहिल्याला झाला नाही, म्हणजे दुसऱ्याला होणार’ असा हिशेब नसतो.

मामेबहिणीशी किंवा आतेभावाशी लग्न झालेलं असेल तर डॉक्टर विचारतील, ‘आर यू अँड युअर हजबंड रिलेटेड बाय ब्लड?’ संकोच न करता सांगा: ‘येस, वी आर फर्स्ट कझिन्स. हिज मदर इज माय फादर्स सिस्टर.’ उपचारासाठी ही माहिती हवी असते, निवाड्यासाठी नव्हे.

शाळेतला जिभेचा प्रयोग

वारशाचा धडा शिकवताना वर्गात जीभ गुंडाळायला लावतात, कानाच्या पाळ्या बघतात. शब्द शिकायला हे मजेशीर आहे, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. जीभ गुंडाळण्याचा गुण एका जनुकावर चालतो असं आल्फ्रेड स्टर्टव्हंट या जनुकशास्त्रज्ञाने १९४० साली मांडलं. १९५२ साली एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, तेव्हा सात जोड्यांत एकाला जीभ गुंडाळता येत होती आणि दुसऱ्याला नव्हती. पुढे खुद्द स्टर्टव्हंटने ते मत सोडलं. तरी पाठ्यपुस्तकांतून प्रयोग गेला नाही. डोळ्यांचा रंगही एका जनुकाचा खेळ नाही, आणि उंचीत तर हजारो जनुकीय फरकांचा वाटा असतो.

रक्तगटाचंही तसंच. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगटाची नोंद केली. नेहमीच्या तपासणीत तो ओ दिसतो, पण त्यामागे ए किंवा बी दडलेला असू शकतो. अशा पालकाच्या मुलाचा गट वरवर न जुळणारा निघतो. म्हणून वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘तू आईवडिलांसारखा कसा नाहीस?’ असं कुठल्याच भाषेत विचारू नये. दत्तक मुलंही वर्गात असतात. शिक्षकांनी ‘हू डू यू टेक आफ्टर?’ऐवजी ‘टेल अस अबाउट समवन इन युअर फॅमिली’ विचारावं.

सराव कसा करावा

पुष्कळ मराठी घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी सापडतात. घरात कुलवृत्तांत असेल तर उत्तम, नसेल तर आजीला विचारून कागदावर तीन पिढ्यांची वंशावळ काढा. प्रत्येक नावापुढे इंग्रजीत तीन वाक्यं लिहा: तो माझा कोण आणि कुणाकडून, काय करतो किंवा करायचा, आणि कोणावर गेला. नंतर कागद बाजूला ठेवून मोठ्याने सांगा. अडाल ते बहुधा व्याही, साडू आणि आईच्या चुलतबहिणीपाशी. तिथेच थांबून वाट सांगण्याचा सराव करा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकलं तर ‘हॅविंग’, ‘विथ’ आणि ‘कझिन ब्रदर’ स्वतःच्या कानालाच खटकायला लागतात.

दुसरा कागद आजारांचा करा. तीन पिढ्यांत कुणाला काय, कोणत्या वयात झालं, आणि माणूस गेला असेल तर कशाने. तो मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे लिहा, पासपोर्टबरोबर ठेवा आणि एक प्रत परदेशातल्या मुलामुलींना पाठवा. आजी-आजोबा हयात असतानाच हे विचारून घ्या. इंग्रजी पुढेही सुधारता येईल. ती माहिती नंतर कुणाकडूनच मिळणार नाही.